जि.प. आणि मनपा शाळांची तुलना: नक्की काय बघायचं?

उंबरठा

पुढच्या जूनमध्ये ज्यांची मुलं पहिलीत जाणार आहेत त्यांच्यासाठी हा धागा. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या दोन-तीन शाळा असतील, तर त्यांत डावं-उजवं कसं करायचं? "ती शाळा चांगली आहे म्हणतात" यापलीकडचं काहीतरी हवं आहे. कोणते आकडे कुठे मिळतात, ते कसे वाचायचे, शाळेत गेल्यावर काय बघायचं, काय विचारायचं.

खाजगी की सरकारी हा वाद कृपया इथे नको. सरकारी शाळा घ्यायची हे ठरलंय असं धरून लिहा.

खडूफळा

सुरुवात यूडायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) क्रमांकापासून करा. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे किंवा प्रभागाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. शाळेच्या फलकावर तो बहुतेक वेळा रंगवलेला असतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' मध्ये हा क्रमांक टाकला की शाळेची माहिती उघडते: इयत्तावार पट (नाव घातलेली मुलं), शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, वीज, संगणक.

आता सावधगिरीची सूचना. ही सगळी माहिती शाळेनेच भरलेली असते. "मुलींचं स्वच्छतागृह: आहे" आणि "चालू स्थितीत: आहे" हे दोन वेगळे रकाने आहेत, दोन्ही बघा. दुसरं, दिसणारे आकडे चालू वर्षाचे असतीलच असं नाही. बदल्या उन्हाळ्यात होतात, त्यामुळे संकेतस्थळावर दिसणारे पाच शिक्षक जूनमध्ये तीन झालेले असू शकतात. संकेतस्थळाचा उपयोग निर्णय घेण्यासाठी करू नका, शाळेत जाऊन काय विचारायचं याची यादी करण्यासाठी करा.

बाकीशून्य

खडूफळा यांच्याशी सहमत. फक्त पट कसा वाचायचा ते सांगतो, कारण तिथे बहुतेकजण चुकतात.

एकूण पट बघू नका. एकच तुकडी वर्षागणिक कशी सरकते ते बघा. समजा एका वर्षी पहिलीत २४ मुलं होती. पुढच्या वर्षी दुसरीत २३, मग तिसरीत २४, चौथीत २२. म्हणजे आलेली मुलं टिकली. दुसऱ्या शाळेत पहिलीत ३०, दुसरीत २६, तिसरीत १९, चौथीत १५. या शाळेचा एकूण पट आधीच्या शाळेपेक्षा फार कमी नाही, पण पालक दरवर्षी मुलं काढून नेताहेत. का नेताहेत हे गावात विचारलं की कळतं. बहुतेक वेळा शिक्षक कमी झालेले असतात, किंवा जवळच्या इंग्रजी शाळेची बस सुरू झालेली असते. पहिलं कारण गंभीर, दुसरं तितकं नाही.

चार-पाच वर्षांचे आकडे मिळाले तरच हे करता येतं. संकेतस्थळावर मागची वर्षं दिसली नाहीत तर मुख्याध्यापकांना विचारा. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, त्यांच्याकडेच असतं.

आणि एक अपवाद: बीड, अहिल्यानगर अशा ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मुलं आईवडिलांबरोबर कारखान्यांकडे जातात. तिथे हजेरी पडणं हा शाळेचा दोष नाही. तिथे प्रश्न असा विचारायचा की हंगामी वसतिगृहाची सोय केली होती का, आणि मुलं परत आल्यावर त्यांच्यासाठी वेगळे तास घेतले का.

पाटीपेन्सिल

माझ्या मते सगळ्यात मोठा निकष एकच: एका शिक्षकाकडे किती इयत्ता.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच असं कोष्टक आहे. १५० च्या वर मुलं असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक. हे कोष्टक मुलं मोजतं, इयत्ता मोजत नाही. म्हणून ४० पटाच्या शाळेत पहिली ते चौथीला दोनच शिक्षक, आणि कायद्याप्रमाणे ते बरोबरच.

आता हिशेब करा. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, म्हणजे रोज चार तास. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतील तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला थेट शिकवण्याचे दोन तास. उरलेले दोन तास मुलं स्वतः काम करतात. त्या दोन तासांत मुलं काय करतात, यावर द्विशिक्षकी शाळा चांगली की वाईट ते ठरतं. चांगल्या शाळेत त्या वेळेसाठी कार्डं, शब्दपट्ट्या, मणी-माळा, गटकाम तयार असतं आणि मोठं मूल लहानाला वाचून दाखवत असतं. वाईट शाळेत "पान नंबर बारा उतरवून काढा".

त्यात एक शिक्षक प्रभारी मुख्याध्यापक असतो. ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, बैठका हे सगळं त्याच्याकडे. म्हणजे कागदावर दोन, प्रत्यक्षात दीड. कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामं देता येतात, पण निवडणुकीच्या वर्षी त्यातच बराच वेळ जातो.

म्हणून शाळेत तीन आकडे वेगवेगळे विचारा: संचमान्यतेत (पटावरून शासन शिक्षकांची पदं ठरवतं त्यात) मंजूर पदं किती, कार्यरत किती, आणि आज रोज वर्गावर उभे राहणारे किती. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक म्हणजे प्रतिनियुक्ती, दीर्घ रजा आणि पंचायत समितीतली "तात्पुरती" कामं.

उंबरठा

हे तीन आकडे बाहेरच्या माणसाला सांगतील का?

पाटीपेन्सिल

विचारण्याच्या पद्धतीवर आहे. तपासायला आल्यासारखे जाऊ नका. "मुलाचं नाव घालायचंय, पहिलीला कोण असणार?" एवढ्यावरून निम्मं कळतं. नाहीच सांगितलं तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना गाठा. समितीत तीन चतुर्थांश पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. एखादा तरी सदस्य शेजारचाच निघतो. समितीची बैठक, इतिवृत्त हे त्याला माहीत नसेल, सह्या घरी येऊन घेतल्या असतील, तर तीही माहितीच झाली.

अगदी अडलंच तर माहितीचा अधिकार आहे. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पण प्रवेशासाठी तोफ डागायची गरज सहसा पडत नाही.

कोरीवही

शिष्यवृत्तीचा निकाल हा सोपा निकष का वापरत नाही कोणी? परीक्षा परिषद घेते, सगळ्या राज्याला एकच पेपर, शिक्षकांच्या हातात काही नाही.

बाकीशून्य

वापरा की, पण भागाकार नीट करून. फलकावर "निकाल ८३ टक्के" लिहिलेलं असतं. उदाहरण घ्या.

शाळा अ: वर्गाचा पट ४०, परीक्षेला बसवले ६, पात्र ५. निकाल ८३ टक्के.
शाळा आ: पट ३०, बसवले २८, पात्र १४. निकाल ५० टक्के.

आता पात्र मुलांना पटाने भागा. अ मध्ये साडेबारा टक्के, आ मध्ये सुमारे ४७ टक्के. फलक अ चा भारी, शाळा आ ची.

दोन पेपर असतात, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. दोन्हींत प्रत्येकी ४० टक्के मिळाले की मूल "पात्र". "शिष्यवृत्तीधारक" म्हणजे गुणवत्ता यादीत आलेलं, ते वेगळं. काही शाळा हे दोन शब्द सोयीने एकमेकांच्या जागी वापरतात. मागची वर्षं बघताना इयत्ताही बघा, ही परीक्षा आधी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५-२६ पासून पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं.

आठवीपर्यंतची शाळा असेल तर एनएमएमएस या आठवीच्या केंद्रीय शिष्यवृत्ती परीक्षेचेही आकडे मागा. ती परीक्षा फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे, उत्पन्नाची अट साडेतीन लाख, आणि निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. तिथे खाजगी इंग्रजी शाळा स्पर्धेतच नाहीत, त्यामुळे दोन सरकारी शाळांची तुलना जरा सरळ होते.

आणि लहान शाळेत टक्केवारी काढूच नका. आठ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. त्या दिवशी एकाला ताप आला तरी आलेख कोसळतो. तीन-चार वर्षांची बेरीज करा.

खडूफळा

शिष्यवृत्तीबद्दल माझी आणखी एक हरकत. काही ठिकाणी पाच-सहा हुशार मुलं निवडून त्यांचे जादा तास घेतात आणि बाकीचा वर्ग वाऱ्यावर. तुमचं मूल त्या पाचांत असेलच हे पहिलीत कळत नाही. शाळा जोखायची तर शेवटच्या बाकावरचं मूल बघा.

प्रगतिपुस्तकातल्या श्रेणी तर तुलनेसाठी पूर्ण बाद. आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) दोन्ही मूल्यमापन शाळेतच होतं, आणि पहिली-दुसरीला आकारिकचा भारांश ७० असतो. एका शाळेतलं 'अ-१' दुसऱ्या शाळेत 'ब-१' असू शकतं.

'असर' (प्रथम संस्थेची पाहणी) आणि 'नॅस' (केंद्र सरकारची पाहणी) चे आकडे दाखवून "आपला जिल्हा पुढे" म्हणणारेही भेटतील. दोन्ही नमुना पाहण्या आहेत, तुमच्या शाळेबद्दल त्या काहीही सांगत नाहीत. 'असर' तर घरोघरी जाऊन, ग्रामीण भागात होते. शाळा सिद्धी या शाळांच्या सरकारी मूल्यमापनात सात क्षेत्रं आणि ४६ मानकं होती, पण शाळा स्वतःला गुण देत होती. त्यावर जास्त काय बोलायचं.

काना_मात्रा

'असर' चे आकडे उपयोगाचे नाहीत हे खरं, पण त्यांची पद्धत उचलण्यासारखी आहे. वाचनाच्या पायऱ्या: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणिताच्या: १ ते ९ ओळखणं, ११ ते ९९ ओळखणं, हातच्याची दोन अंकी वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकीने भागाकार. एका मुलामागे पाच-सात मिनिटं पुरतात.

अर्थात तुम्ही वर्गात जाऊन परीक्षा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. पण त्या शाळेतली तिसरी-चौथीची मुलं तुमच्या गल्लीत खेळतात. त्यांच्या घरच्यांना विचारून, खेळीमेळीने, दोन्ही शाळांतली पाच-सहा मुलं बघा. काळजी एवढी घ्या:

पाठ्यपुस्तक देऊ नका. सुरुवातीचे धडे मुलांना तोंडपाठ असतात, पान उलटं धरलं तरी म्हणतील. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचा जुना अंक घ्या, त्यातल्या न पाहिलेल्या गोष्टीच्या आठ-दहा ओळी द्या.

वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर ओळीत थेट नाही. "तो का रागावला असेल?" नुसतं खणखणीत वाचणं म्हणजे कळणं नव्हे.

जोडाक्षरांवर कान ठेवा. 'पुस्तक' येतं पण 'राष्ट्र', 'तुझ्या', 'वाऱ्यावर' इथे अडखळतं, असं तिसरीत सगळ्याच मुलांचं होत असेल तर दुसरीत जोडाक्षरं घाईत उरकली आहेत. एकाच मुलाचं होत असेल तर सोडून द्या.

वजाबाकीत ५२ वजा २७ द्या. उत्तर ३५ आलं तर मूल मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, सातातून दोन. अशी चूक एकाच वर्गातली चार मुलं करत असतील तर दशक सुटा करणं काड्यांच्या गठ्ठ्यांनी शिकवलेलंच नाही, फक्त "हातचा घे" सांगितलंय.

कोरीवही

पाच-सहा मुलांवरून शाळा ठरवणार? वर बाकीशून्य म्हणताहेत की आठांचीही टक्केवारी काढू नका.

काना_मात्रा

टक्केवारी काढतच नाहीये. मी चुकांचा प्रकार बघतेय. एकाच वर्गातल्या मुलांची चूक एकसारखी असेल तर ती मुलांची नसते.

वह्या मिळाल्या तर त्याहून उत्तम. गणिताच्या वहीत सगळ्यांची उदाहरणं, मांडणी, खाडाखोडसुद्धा सारखी असेल तर फळ्यावरून उतरवलेलं आहे. लाल शाईची नुसती बरोबरची खूण आहे की चूक दुरुस्त करून मुलाने पुन्हा लिहिलेलंही आहे? तारखा बघा, शाळा जूनमध्ये सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत वहीची दहाच पानं भरली असतील तर बाकी काही विचारू नका.

रानवाटा

धाग्याची दिशा थोडी चुकतेय असं वाटतं. मुलांची पातळी तपासून शाळा ठरवली तर शिक्षक वसाहतीजवळची शाळा नेहमी पहिली येणार आणि वीटभट्टीजवळची, पाड्यावरची शेवटची. पाड्यावर घरात कोरकू किंवा भिली बोलणारं मूल पहिलीत मराठी शिकतंय, मग मराठीतून वाचन. दोन वर्षं त्यात जातात. तिथला शिक्षक दुप्पट काम करत असेल आणि तुमच्या मोजपट्टीवर नापास होईल.

तुलना करायचीच तर आधी कुठे होती आणि आता कुठे आहे याची करा. नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आहेत: वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, नंतर संकलित एक आणि दोन. त्याच मुलांची पायाभूत आणि संकलित-दोन शेजारी ठेवा.

खडूफळा

मुद्दा एकदम बरोबर, फक्त साधन कच्चं. त्या चाचण्यांचे पेपर वरून येतात पण तपासतात वर्गशिक्षकच. पायाभूत कडक आणि संकलित सैल तपासली की प्रगती आपोआप दिसते. पायाभूत मागच्या इयत्तेच्या अभ्यासावर असते, संकलित चालू इयत्तेच्या. गुण थेट वजा करता येत नाहीत.

त्यापेक्षा एकाच शाळेतली दुसरी आणि चौथीची मुलं बघा. वस्ती तीच, घरं तीच. दुसरीतली मुलं शब्दांवर आणि चौथीतली सलग गोष्टीवर असतील तर शाळा काम करतेय. दोन्ही इयत्तांत निम्मी मुलं शब्दांवरच अडकली असतील तर मधली दोन वर्षं वाया गेली, मग वस्ती कुठलीही असो.

रानवाटा

हे पटलं.

ट्रामलाइन

शहरातल्यांसाठी पुरवणी. मुंबईत मनपाच्या एकाच इमारतीत तीन-चार शाळा असतात: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी. नावं जवळपास सारखी, यूडायस क्रमांक मात्र वेगळे. तुम्ही मराठी माध्यमाची चौकशी करताय आणि आकडे बघताय हिंदीचे, असं सहज होतं. स्वच्छतागृहं आणि मैदान सगळ्यांत मिळून एकच असतं, पण प्रत्येक शाळेच्या माहितीत ते पूर्णच्या पूर्ण दिसतं. त्यामुळे इमारतीतली एकूण मुलं मोजा आणि मग भागा.

सकाळ-दुपार अशी दोन अधिवेशनं असतील तर दुपारच्या शाळेची मुलं यायच्या वेळी जाऊन बघा. मधल्या अर्ध्या तासात झाडलोट होते का, पाणी शिल्लक असतं का हे तेव्हाच कळतं.

शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाची सरासरीही फसवी असते. शाळेचं प्रमाण २८ ला एक असतं आणि पहिलीच्या एका तुकडीत ५० मुलं कोंबलेली, कारण वरच्या इयत्ता रिकाम्या झाल्यात. आपल्या मुलाच्या इयत्तेचं प्रमाण विचारा.

पाटीपेन्सिल

भौतिक सुविधांचं थोडक्यात. भिंतीवरची चित्रं, बोलक्या भिंती, रंगवलेली रेल्वे यांना शून्य गुण द्या. वाईट म्हणून नव्हे, ती लोकवर्गणीतून एका महिन्यात होतात म्हणून. दुपारच्या सुट्टीनंतर स्वच्छतागृहात पाणी आहे का, कुलूप तर नाही, हे बघा. कुलूप "शिक्षकांसाठी राखीव" म्हणून असतं.

स्मार्ट टीव्ही असेल तर वीजबिल कोण भरतं ते विचारा. संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळतं, १०१ ते २५० पटाला वर्षाला ५०,००० रुपये, त्याच्या खालच्या टप्प्याला २५,०००. त्यातच खडू, डागडुजी, स्वच्छता, बिल सगळं. बिल थकलं की वीज तुटते आणि टीव्ही कपाटात जातो.

वाचनालयात पुस्तकं किती यापेक्षा देवघेव वही बघा. पुस्तकांच्या कडा कुरतडलेल्या, पानं दुमडलेली असतील तर आनंद माना. कोरी करकरीत पुस्तकं कपाटात असतील तर ती तपासणीसाठी आहेत.

उंबरठा

सेमी-इंग्रजीबद्दल? दोनपैकी एका शाळेत पहिलीपासून सेमी असेल तर तिला झुकतं माप द्यावं का?

काना_मात्रा

तेवढ्यावरून नको. सेमीत गणित इंग्रजीतून, पुढे विज्ञानही. विचारायचं हे की पहिली-दुसरीत गणित शिकवताना शिक्षक मराठीत समजावून मग इंग्रजी शब्द देतात की नुसतं "ट्वेंटी थ्री" घोकून घेतात. मराठीत तेवीस म्हणताना तीन आधी येतो, इंग्रजीत वीस आधी. दोन्ही एकदम आदळले की मुलं २३ आणि ३२ ची गल्लत करतात. ज्या शिक्षकाला ही अडचण तुम्ही न सांगता माहीत आहे, त्याच्याकडे सेमी बिनधास्त घ्या.

सहावी ते आठवीसाठी प्रश्न वेगळा. कायद्यानुसार विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक हवा. विज्ञान-गणिताचं पद रिकामं आणि भाषेचे शिक्षक गणित घेताहेत, अशी शाळा असेल तर चौथीनंतर काय करायचं ते आत्ताच बघून ठेवा.

बाकीशून्य

चौथीनंतरचा प्रश्न तसाही येतोच. आपल्याकडे बऱ्याच जि.प. शाळा चौथीपर्यंत, काही सातवीपर्यंत. कायदा मात्र पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे टप्पे धरतो. पाचवीचा वर्ग जोडलेला आहे का, नसेल तर मुलं कुठल्या हायस्कूलला जातात, तिथून जाण्या-येण्याची सोय काय, हे पहिलीतच विचारा.

रानवाटा

आणि निर्णय जानेवारीत घेऊ नका. ज्या बाईंच्या नावावर शाळा निवडाल त्यांची मे महिन्यात बदली होऊ शकते. जिल्हांतर्गत बदल्यांच्या याद्या लागू द्या. मार्च-एप्रिलपासून 'शाळापूर्व तयारी मेळावा' होतो तिकडे दोन्ही शाळांत जा, पहिलीची जबाबदारी कोणाकडे आहे ते तिथेच दिसतं. जूनमधल्या दुसऱ्या मेळाव्याला तेच शिक्षक आहेत का बघा आणि मग नाव घाला.

उशीर होईल ही भीती नको. प्रवेशाची तारीख उलटली म्हणून किंवा जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. घातलेली शाळा पटली नाही तर वर्षाच्या मध्येही दुसऱ्या सरकारी शाळेत जाता येतं. आधीच्या मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला लगेच द्यायला हवा, आणि दाखला यायला वेळ लागला तरी नवीन शाळेने मुलाला त्याआधीच वर्गात बसवून घ्यायचं असतं. मुख्याध्यापक "दाखला आणा मग बघू" म्हणाले तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम पाच दाखवा.